सोसणे आणि सांगणे



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात, आणि तेही बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत, बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेची मनापासून ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली. कालिदासावर झाली, संतवाङ्मयावर झाली, शिंदेशाहीच्या काळात माळव्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांच्या इतिहासावर झाली. मी विद्वान नाही. गेली पंचवीस वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवण्याचे काम मी करीत आले आहे. त्यामुळे चिटणीसांनी निमंत्रण दिले तेव्हा मी आधी संकोचले, आणि नंतर विषय सांगितला तेव्हा संकोचण्याची पाळी त्यांच्यावर आली. क्षणभर थांबून ते म्हणाले, "ताई, हा विषय सभेला पेलेल का?"

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर म्हणूनच मी आज उभी आहे. माझा विषय आहे एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार आणि त्याच्याबरोबर येणारी, वर्षानुवर्षे न सरणारी वेदना. ज्या गोष्टी घराघरात सोसल्या जातात त्या सभेत सांगता येत नसतील, तर दोष विषयाचा की सभेचा, याचा विचार आपण आज एकत्र बसून करू.

प्रथम आजाराविषयी थोडे सांगते. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते आणि गर्भधारणा न झाल्यास पाळीच्या रूपाने बाहेर पडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. बीजांडकोशावर, बीजवाहक नलिकांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर, कधी मूत्राशयावर त्यांची बेटे तयार होतात. शरीरातील संप्रेरकांना याही पेशी प्रतिसाद देतात. मात्र गर्भाशयातले रक्त बाहेर जाते, तसा मार्ग या बेटांना नसतो. त्यामुळे तिथे दाह होतो, व्रण धरतात, आणि एरवी एकमेकांवरून सहज सरकणारे अवयव एकमेकांना चिकटून बसतात. बीजांडकोशात जुन्या रक्ताच्या गाठी होतात. त्यांचा रंग पाहून डॉक्टरांनी त्यांना 'चॉकलेट सिस्ट' असे नाव दिले. एवढे गोड नाव इतक्या कडू वस्तूला क्वचितच मिळाले असेल.

व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० साली अशा ऊतींचे वर्णन केले. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली अशी उपपत्ती मांडली की, पाळीचे काही रक्त नलिकांतून उलट पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. परंतु असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्ये होत असतो, आणि आजार मात्र काहींनाच होतो. म्हणून आनुवंशिकता व शरीराची प्रतिकारव्यवस्था यांचाही त्यात वाटा असावा, असे आज मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना व मुलींना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, हा आजार आहे. तो कायमचा बरा करणारे औषध आज नाही. वेदनाशामके आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहे. यांनी पुष्कळ आराम पडू शकतो. परंतु शस्त्रक्रियेनंतरही आजार पुन्हा उद्भवू शकतो. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत कित्येक देशांत सरासरी ७ ते १० वर्षे जातात.

ही वर्षे कुठे जातात? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे. माझी स्वतःची सोळा गेली. त्यांचा हिशेब मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

मला बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी आली. त्या वेळच्या बहुतेक मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरी 'कावळा शिवला' एवढ्या दोन शब्दांत सगळे शास्त्र आटोपले जाई. आजी सोवळ्याची होती. ते तीन दिवस कोपऱ्यातली सतरंजी, वेगळा तांब्या, आणि बाहेरच्या खोलीची खिडकी एवढेच माझे जग असे. पहिले वर्ष बरे गेले. पुढे पोटात जी कळ सुरू झाली ती कमरेतून मांड्यांपर्यंत उतरे. उलट्या होत, घाम फुटे, शौचाला बसले तर डोळ्यांपुढे अंधारी येई. आई ओव्याचा काढा देई, हिंगाचे पाणी देई, गरम पाण्याची पिशवी देई. ती स्वतः रात्रभर उशाशी बसे, हे मी विसरू शकत नाही. पण शेजारच्या काकू आल्या, आत्या आल्या, की सगळ्यांचे एकच उत्तर असे: "लग्न झालं की थांबेल."

१९९२ साली आपल्या नगरीत सिंहस्थ भरला. लाखो माणसे क्षिप्रेवर स्नानाला आली. घरी महाराष्ट्रातून पाहुणे उतरले होते. मी तेव्हा नववीची परीक्षा दिलेली मुलगी. भर वैशाखात, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, त्या खिडकीशी तोंडात पदराचा बोळा धरून मी दोन दिवस काढले. कारण ओरडले असते तर पाहुण्यांनी कारण विचारले असते, आणि कारण सांगण्यासारखे नव्हते. वेदनेपेक्षा ती लपविण्याचे कष्ट अधिक होते, हे मला आज कळते.

आता एक प्रसंग सांगते. तो सांगावा की नाही याचा मी पुष्कळ विचार केला, कारण तो ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या बाईंविषयीचा आहे. फेब्रुवारी १९९३. बोर्डाच्या आधीची सराव परीक्षा, गणिताचा पेपर. बाई वर्गावर होत्या. त्यांचे गणित शिकवणे कसे होते, हे इथल्या माजी विद्यार्थ्यांना मी सांगायला नको. दुसऱ्या प्रश्नाशी असताना मला कळ आली. मी उठून घरी जाण्याची परवानगी मागितली. बाई जवळ आल्या, वाकल्या, आणि इतर मुलींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "पाळी आलीय ना? मग त्यात रडायचं काय? आम्ही सगळ्याच सोसतो. पेपर पुरा कर." मी खाली बसले. पाचव्या प्रश्नानंतर मी बाकावर डोके टेकले, ते मला उचलूनच घरी नेले. गणितात त्या वेळी मला किती गुण पडले हे सांगण्यात अर्थ नाही. पण त्या दिवसापासून मी एक धडा पक्का केला: सांगायचे नाही.

पुढची तेरा वर्षे मी तो धडा गिरवला. पदवी झाली, ग्रंथालयशास्त्राची पदविका झाली, नोकरी लागली, लग्न झाले. लग्नाने थांबेल म्हणणारे आता म्हणू लागले, एक मूल झाले की थांबेल. मूल होईना. या काळात मी चार डॉक्टरांकडे गेले. एकाने आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. एकाने आतड्याची तक्रार म्हटली. सोनोग्राफी झाली आणि ती स्वच्छ आली, तेव्हा एकाने माझ्या यजमानांना बाजूला घेऊन सांगितले की, बाईंच्या मनावर ताण आहे, त्यांना हवापालटाला न्या. आम्ही पचमढीला गेलो. तिथेही दुखले. त्या डॉक्टरांची नावे मी घेत नाही, कारण दोष त्यांच्या एकट्यांचा नाही. सोनोग्राफीत सगळी बेटे दिसत नाहीत, हे त्यांनी जाणायला हवे होते हे खरे. पण मीही त्यांना अर्धेच सांगत होते. शौचाच्या वेळी दुखते, शय्येवर दुखते, या गोष्टी माझ्या ओठांवर येत नसत. आणि त्याच तर या आजाराच्या खुणा होत्या.

२००६ साली इंदूरला एका स्त्री-डॉक्टरने मला विचारले, "कुठे दुखतं, केव्हा दुखतं, आणि दुखतं तेव्हा तुमचं कोणतं काम अडतं?" असा प्रश्न मला त्यापूर्वी कुणी विचारला नव्हता. मी अर्धा तास बोलले. नंतर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, आणि बाहेर आल्यावर त्यांनी मला आजाराचे नाव सांगितले. मी रडले. यजमानांना वाटले, भीतीने रडते आहे. ते रडणे सुटकेचे होते. सोळा वर्षे जे घडत होते ते घडत होते, मी ते कल्पिलेले नव्हते, एवढी ग्वाही मला हवी होती. ग्रंथालयात नोंद नसलेले पुस्तक कपाटात असूनही सापडत नाही. माझे दुखणे तसे होते.

मंडळी, ही एकट्या माझी कहाणी असती तर मी आपला वेळ घेतला नसता. १९८० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी एक काम केले. तोवर खेड्यातील स्त्रीच्या आरोग्याचा विचार म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच होता. या दोघांनी दोन गावांतील स्त्रियांची, त्या गरोदर असोत वा नसोत, तपासणी केली. ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांपैकी ९२ टक्के जणींना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, एकेकीला सरासरी ३.६. आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष त्याकडे गेले. तो एंडोमेट्रिओसिसचा अभ्यास नव्हता, हे मी स्पष्ट करते. त्यात मुख्यतः जंतुसंसर्ग आणि पाळीच्या तक्रारी होत्या. पण त्या आकड्यांतून एक गोष्ट लख्ख दिसली. स्त्रिया बोलत नाहत म्हणून त्यांना काही होत नाही, असे आपण समजत होतो. कुणी विचारीत नव्हते, म्हणून त्या बोलत नव्हत्या. राणीताईंच्या मराठी पुस्तकाचे नावच 'कानोसा' आहे.

याच्याही शंभर वर्षे मागे जाऊ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण शाळेत शिकलो: अमेरिकेला गेलेली, डॉक्टर झालेली पहिली मराठी स्त्री. पण ती का गेली? फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे, अठरावे वर्ष पूर्ण होत आलेल्या आनंदीबाईंनी भर सभेत या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, आपल्या स्त्रिया संकोचापायी पुरुष डॉक्टरांना आपले दुखणे सांगत नाहीत, म्हणून या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेली ती आई होती. स्वतःची प्रकृतीही तिला कधी साथ देत नव्हती. १८८६ साली पदवी घेऊन ती परतली, आणि कोल्हापूरच्या इस्पितळातील नेमणुकीवर रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात तिचा अंत झाला. आपण तिच्या धाडसाचे कौतुक करतो. ज्या मौनाविरुद्ध ती उभी राहिली, त्या मौनाची आठवण मात्र ठेवीत नाही.

पुढे १९२७ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले, आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. शरीराविषयी स्वच्छ शब्दांत लिहिले, या अपराधासाठी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. म्हणजे शरीराबद्दल सभ्यपणे आणि स्पष्टपणे बोलण्याची परंपरा मराठीत आहे. ती परकी नाही, नवी नाही. आपण ती घरात येऊ दिली नाही, इतकेच.

न बोलण्याची किंमत काय असते, याचे अलीकडचे उदाहरण बीड जिल्ह्याचे आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याची बातमी २०१९ साली गाजली. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींत एक! यांतल्या कितीतरी जणी तरुण होत्या. एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो; फडात ना आडोसा, ना पाणी; पोट दुखते, अंगावर जाते; आणि कुणीतरी सांगते, पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल. वेदना ऐकून घेण्याऐवजी तिचा अवयवच काढून टाकण्याचा हा मार्ग. मलाही हा सल्ला मिळाला होता. म्हणून इथे बसलेल्या भगिनींना सांगते, एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशय काढणे हा हमखास उपाय नव्हे, कारण आजाराची बेटे गर्भाशयाच्या बाहेर असतात. काही जणींना ती शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. पण ती घाईने, भीतीपोटी, दुसऱ्या डॉक्टरचे मत न घेता कधीही करू नये.

आता वेदनेविषयी. आपले उज्जैन हे मोजमापाचे गाव आहे. प्राचीन ज्योतिषांनी आपली मध्यरेषा या नगरीतून जाते असे मानले. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने इथे वेधशाळा उभारली. तिच्या यंत्रांवर सावलीवरून वेळ वाचायला आपण सगळे शाळेच्या सहलीत शिकलो. परंतु वेदना मोजण्याचे यंत्र आजवर कुणाला बांधता आलेले नाही. या आजारात तर असेही दिसते की, एखादीच्या पोटात थोडीशीच बेटे असतात आणि ती असह्य कळांनी तळमळते. दुसरीच्या पोटात पुष्कळ असतात आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय वर्षानुवर्षे दुखत राहिले की मज्जासंस्थाच हळवी होते, आणि पुढे लहानशा कारणानेही मोठे दुखू लागते. २०२० साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारताना म्हटले आहे की, वेदना ही नेहमीच व्यक्तिगत अनुभव असते, आणि एखाद्याने 'मला दुखते' असे सांगितले तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. यंत्र नाही तिथे साक्षीदार एकच असतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढेच आपल्या हाती असते.

नाव कळल्यावर माझे दुखणे संपले, असे समजू नका. २०११ साली दुसरी शस्त्रक्रिया झाली. मूल झाले नाही. त्या दुःखाशी आम्ही उभयतांनी तह केला आहे. आजही महिन्यातले काही दिवस माझे नसतात. सकाळी उठल्यावर मी आधी अंगाचा अंदाज घेते, मग दिवसाचा. बाजार की स्वयंपाक, पाहुणे की झोप, यांतले एक निवडते. कधी ठरलेले कार्य रद्द करावे लागते आणि लोक म्हणतात, "काल तर बऱ्या दिसत होता!" काल बरी होतेच. दीर्घकाळच्या दुखण्यात माणूस रोज आजारी दिसत नाही, हेच समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते.

अशा स्थितीत दुसऱ्यांना सांगत फिरण्याची उठाठेव कशाला, असे मला विचारतात. परदेशात हे काम रुग्णांनीच सुरू केले. १९८० साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे या आजाराने पीडलेल्या स्त्रियांनी संघटना स्थापन केली, आणि आता मार्च महिना जगभर या आजाराच्या जागृतीसाठी पाळला जातो. माझी सुरुवात इतकी मोठी नव्हती. २००८ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाणाबरोबर एकेक छोटी वही दिली आणि पाच मिनिटे बोलले: पाळीची तारीख, दुखणे किती, कुठे, कोणते काम अडले, एवढे लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना घेऊन जा. एक वयस्कर बाई म्हणाल्या, "असल्या गोष्टी हळदीकुंकवात बोलायच्या नसतात." सगळ्या गप्प झाल्या. मला वाटले, संपले. पण निघताना, चपला घालण्याच्या निमित्ताने, तिघीजणी मागे रेंगाळल्या. त्यांतल्या एकीने हलक्या आवाजात विचारले, "माझ्या मुलीसाठी एक वही मिळेल का?" आणि दुसऱ्या दिवशी त्या वयस्कर बाईंनी आपल्या सुनेला माझ्याकडे पाठविले. तेव्हापासून मी चपलांजवळच्या त्या दोन मिनिटांसाठी जाते.

एक सावधगिरीही सांगते. पाळीतले प्रत्येक दुखणे म्हणजे हा आजार नव्हे. मुलींना घाबरवणे हे जागृतीचे काम नाही. पण दुखण्यामुळे महिन्यामागून महिना शाळा बुडत असेल, नेहमीच्या औषधाने उतार पडत नसेल, उलट्या होत असतील, शौचाला वा लघवीला त्या दिवसांत दुखत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, तर 'सगळ्यांनाच होतं' म्हणून ते सोडून देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी दुखणे खोटे ठरत नाही, हे लक्षात ठेवा. आजकाल शाळांतून सॅनिटरी पॅडविषयी मोकळेपणाने बोलले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच्या पुढचे पाऊल वेदनेविषयी बोलण्याचे आहे.

हे शाळेत शक्य आहे का? १९१२ साली, तेव्हाच्या कोचीन संस्थानातील त्रिपुणितुरा येथील सरकारी कन्याशाळेने वार्षिक परीक्षेच्या वेळी पाळी आलेल्या मुलींना रजा देऊन नंतर परीक्षेस बसण्याची मुभा दिली होती, अशी इतिहासात नोंद आहे. शंभर वर्षांपूर्वी एका शाळेला जे सुचले, ते आपल्याला अशक्य नसावे.

आणि आपल्या शाळेला ते सुचले आहे. आता बाईंविषयीचा उरलेला भाग सांगते. २००६ साली माझ्या शस्त्रक्रियेनंतर बाई मला भेटायला घरी आल्या. तेव्हा त्या मुख्याध्यापिका होत्या. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्या. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "तू त्या दिवशी बाकावर डोकं टेकलंस, ते मला आठवतं. मी तुला विचारायला हवं होतं, कुठे दुखतंय म्हणून. मलाही फार दुखायचं गं. माझ्या आईनं मला जे सांगितलं तेच मी तुला सांगितलं." एवढेच. मी काही बोलू शकले नाही. ज्या बाईंनी मला गप्प बसविले असे मी तेरा वर्षे समजत होते, त्या स्वतः जन्मभर गप्प बसल्या होत्या.

पुढच्याच सत्रापासून शाळेच्या शिक्षककक्षाशेजारच्या छोट्या खोलीत एक खाट आली, गरम पाण्याची पिशवी आली, दाराला पडदा आला. एका शिक्षिकेकडे ते काम सोपविण्यात आले. कोणत्या मुलीला दर महिन्याला तिथे यावे लागते याची नोंद होऊ लागली, आणि तिच्या आईला बोलावून घेतले जाऊ लागले. बाईंनी याचा कुठेही गाजावाजा केला नाही. अहवालात एक ओळही नाही. म्हणून आज त्यांच्या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत ती नोंद व्हावी, अशी माझी इच्छा होती. उत्तम शिक्षक कधी चुकत नाही असे नाही. चूक समजल्यावर वयाचा आणि पदाचा मान बाजूला ठेवून, आपल्या विद्यार्थिनीच्या घरी जाऊन ती कबूल करणे, हे फार थोड्यांना जमते. गणित चुकले तर खोडून पुन्हा मांडा, असे त्या आम्हाला सांगत. त्यांनी स्वतः ते करून दाखविले.

मुलींनो, सोसणे हा तुमच्यापुढे गुण म्हणून ठेवला जाईल. सोसावे लागते, हे मी जाणते. मी रोज सोसते. पण सोसणे आणि लपविणे या दोन गोष्टी एक नाहीत. दुखले तर सांगा. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि मुलांनो, तुम्ही उद्या कुणाचे भाऊ, पती, वडील, कदाचित डॉक्टर व्हाल. तुमच्याकडून फारसे काही नको. बाईंना जो प्रश्न तेरा वर्षांनी सुचला, तो तुम्ही वेळेवर विचारा: "कुठे दुखतंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

चिटणीसांनी विचारले होते, हा विषय सभेला पेलेल का. आपण तासभर शांतपणे बसलात. मला वाटते, पेलला.